दोनदा लिहिणं

ससून डॉकच्या सोसायटीत रात्री अडीचला
मी नवी डिस्क जोडते.
टेबलावर बर्फाचं पाणी, एक ओली पावती,
आणि समोर हिराजी वैती, बावीस वर्षं हिशेबनीस,
चष्मा कपाळावर.

पडद्यावर एक ओळ अर्धी राहिली आहे.
बरोबरच्या चिन्हापुढे मोकळी जागा.
कर्सर लुकलुकतोय, त्याला घाई नाही.
"काय अडलं?"
कसं सांगू, की या यंत्राला
आधीच विचारून ठेवावं लागतं :
वीज गेली तर काय काय हरवशील?

एक रीत अशी, मी म्हणते,
दारावर पाटी लगेच लागते,
सामान सवडीनं येतं.
मध्येच दिवे गेले तर पाटी नवी
आणि आत मागच्या भाडेकरूची भांडी.
पळतं मात्र भराभर.

(लग्नानंतर पंधरा दिवसांत
माझं रेशनकार्ड बदललं, बँक बदलली.
आत मी कितीतरी वर्षं कर्णिकच होते.
हे त्यांना सांगत नाही.)

दुसरी रीत : आधी मूल पाळण्यात,
मग कानात नाव.
बहुतेकांचं याच्यावर भागतं.
नाव आहे म्हणजे मूल आहे, एवढी खात्री.
पण जुन्याच पानावर नवं लिहिताना गेली वीज,
तर वरचं अर्धं आजचं, खालचं कालचं,
आणि सांधा दिसत नाही.

तिसरीत सगळंच्या सगळं आधी जर्नलमध्ये,
आकड्या-मजकुरासकट,
मग तिथून आपापल्या जागी.
म्हणजे प्रत्येक गोष्ट दोनदा.
डिस्कला धाप लागते.

हिराजी चष्मा खाली ओढतात.
"म्हणजे कीर्द आणि खतावणी.
मग मघापासून भाडेकरू कसले सांगतेस?"

मग तेच सांगतात, दाराकडे बघत :
सहा वर्षांमागे ऐन लिलावात दिवे गेले.
आले तेव्हा एकवीरा-कृपाच्या नावापुढे
दर्यादौलतची पापलेटं.
दोघे सख्खे भाऊ.
अजून बोट शेजारी लावत नाहीत,
लग्नपत्रिकेत नावही.

"हळू चालेल," मी बजावते.
"लिलाव ओरडून होतो, पोरी.
लिहिणं हळूच व्हायचं."

मी मोकळ्या जागेत जर्नल लिहिते.
जेटीवरच्या कॅमेऱ्याला वेगळा कप्पा, दुसरी रीत.
मांजरानं कुणाची पाटी उलटली
हे दोनदा लिहिण्यासारखं नाही.

साडेतीनला बोटी लागतात. बाहेर आरडाओरडा,
चाकगाड्या, बर्फ फोडणारे.
हिराजी दारात उभे राहून आकडे उचलतात,
डाव्या तळव्यावर बॉलपेननं टिपतात,
येऊन टंकतात, पुन्हा दारात.
मला वाटतं, आता बघूच.
त्यांची बोटं कळांवर असतानाच
मी भिंतीतला प्लग ओढते.

"अगं!"

काळा पडदा. पंख्याची पाती थांबत जातात.
प्लग परत लावते.
यंत्र आपली कीर्द उघडून वाचू लागतं,
ओळीमागून ओळ, जागच्या जागी.
आम्ही दोघं दवाखान्यात बसावं तसे बसलेले.

बावीस बोटी. सगळ्यांची नावं, नावापुढे त्यांचाच माल.
तेविसावी नाही.
जे अजून कुणी कीर्दीला सांगितलंच नव्हतं
ते कीर्द कुठून आणणार, मी पुटपुटते,
जरा ओशाळून.

हिराजी काही बोलत नाहीत.
डावा हात दिव्याखाली धरतात.
"जलकन्या. सुरमई अकरा पाट्या.
घोळ दोन.
नाखवा हरेश तांडेल."
मी टंकते. आठवानं पाच सेकंद थांबते,
मग आणखी पाच.

"लागलं जागेवर?"
लागलं.
"दोन्हीकडे?"
दोन्हीकडे.

तेव्हा कुठे ते उठतात,
बाहेरच्या नळाखाली तळवा धरतात,
साबणाची चिपटी फिरवतात,
आणि ओलाच हात घेऊन
चोविसाव्या बोटीसाठी दारात उभे राहतात.